रताळ्याचं नाव समुद्रापार कोणी नेलं?

न्यूझीलंडच्या माओरी भाषेत रताळ्याला ‘कूमरा’ म्हणतात. टोंगा बेटांवर ‘कुमाला’, ताहितीत ‘उमरा’. हा एकच शब्द आहे हे कानाला लगेच पटतं, पण भाषाशास्त्रज्ञ नुसत्या कानावर विसंबत नाहीत. माओरीतला ‘क’ ताहितीत गळतो आणि त्याच्या जागी घशात किंचित अडखळल्यासारखा आवाज उरतो. म्हणून मासा माओरीत ‘इका’, ताहितीत ‘इआ’. ‘ल’ आणि ‘र’चंही तसंच: पाच म्हणजे सामोआत ‘लिमा’, माओरीत ‘रिमा’. रताळ्याचं नावही हेच नियम पाळतं.

रताळं मुळात अमेरिका खंडातलं. आणि तिकडे अँडीज पर्वताच्या मुलखात, क्वेचुआ भाषेत, रताळ्यासाठी ‘कुमर’ हा शब्द नोंदलेला आहे! मधे सहा-सात हजार किलोमीटर नुसतं पाणी. कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या निसर्गअभ्यासकांनी १७६९ मध्ये पॉलिनेशियात, म्हणजे न्यूझीलंड, टोंगा, ताहिती वगैरे पॅसिफिक बेटांच्या मुलखात, रताळ्याचा नमुना गोळा केला, तेव्हा तिथले लोक ते कधीपासूनच पिकवत होते. त्यातल्याच मंगाइया बेटावर तर युरोपीय जहाजं येण्याच्या कितीतरी आधीचे रताळ्याचे जळके तुकडे मिळाले आहेत.

मग ते तिथे आलं कसं? २०१८ मध्ये काही संशोधकांनी कुकच्या काळातल्या नमुन्याचा डीएनए तपासून म्हटलं, की माणसाची गरजच नाही, हे वाण लाखभर वर्षांपूर्वीच वेगळं झालं आणि आपलं आपण बेटांवर पोचलं. बी लाटांवर तरंगत जाऊ शकतं, हे खरं. पण नाव तरंगत जात नाही. ते एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात जावं लागतं, म्हणून मला हा शब्द फार मोलाचा पुरावा वाटतो. निव्वळ योगायोग असेल, क्वेचुआ तर डोंगरातली भाषा, किनाऱ्यावरची नव्हे, अशी शंका घेणारे आहेत आणि ती रास्त आहे. मात्र २०२० मध्ये १७ बेटांवरच्या लोकांच्या डीएनएचा अभ्यास झाला. त्यानुसार इ.स. १२०० च्या सुमारास पॉलिनेशियन आणि आजच्या कोलंबियाच्या बाजूचे मूळ अमेरिकी लोक यांची गाठ पडली होती. त्या गाठीतच रताळं हस्तांतरित झालं, असं काही या अभ्यासाने सिद्ध होत नाही. पण भेट झालीच नव्हती, असं आता म्हणता येणार नाही.

रताळं जगभर ज्या तीन वाटांनी पसरलं त्यांना अभ्यासक नावंही शब्दांवरूनच देतात. पहिली ही ‘कुमरा’ वाट. दुसरी ‘कामोते’, मेक्सिकोहून स्पॅनिश जहाजांतून फिलिपिन्सला गेलेली. तिसरी ‘बटाटा’ वाट, पोर्तुगिजांची, आफ्रिका आणि भारताकडे येणारी. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेत ‘बटाटा’ म्हणजे रताळंच. युरोपात हे नाव दुसऱ्याच एका कंदाला चिकटलं आणि पोर्तुगिजांमार्फत आपल्याकडे आलं ते त्या कंदाचं नाव होऊन. रताळ्याला आपण संस्कृत ‘रक्तालु’वरून आलेलं नाव दिलं.