पाठीवरचं बिऱ्हाड जुहूला उतरलं

दरवर्षी २८ फेब्रुवारीला झाकीर हुसेन जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये तबला वाजवत. जेमतेम दोनशे खुर्च्यांचं ते नाट्यगृह. एरवी त्यांच्या मैफलीला याच्या दसपट माणसं बसतील अशी सभागृहंही अपुरी पडायची. मग हीच जागा का आणि हीच तारीख का? तर २८ फेब्रुवारी हा जेनिफर केंडल यांचा वाढदिवस, आणि ही जागा त्यांनी उभी केलेली.

आपल्याकडे जेनिफर म्हटलं की 'शशी कपूरची गोरी बायको' एवढंच बहुतेकांना आठवतं. त्या आधी नटी होत्या, मग बायको. शशी कपूर नाटकात धडपडत होते तेव्हा त्या आईवडिलांच्या कंपनीतल्या मुरलेल्या अभिनेत्री होत्या.

वडील जेफ्री. मूळ आडनाव ब्रॅग. पण उत्तर इंग्लंडातल्या ज्या केंडल गावात जन्मले, त्याचंच नाव त्यांनी रंगभूमीसाठी घेतलं. आई लॉरा लिडेल, तीही नटीच. जेनिफरचा जन्म १९३३चा, साउथपोर्टचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांचं मनोरंजन करायला नाटकवाल्यांच्या तुकड्या पाठवत, तशा एका तुकडीतून जेफ्री आणि लॉरा हिंदुस्थानात येऊन गेले. देश आवडला. १९४७ साली, बाकीचे इंग्रज सामान बांधून परत निघालेले असताना, हे कुटुंब उलट्या दिशेनं इकडे आलं. कंपनीचं नाव 'शेक्सपिअराना'.

मराठी वाचकाला ही कंपनी समजावून सांगायची फारशी गरज नाही. संगीत नाटकांच्या काळात आपल्या कंपन्या जशा पडदे, पेट्या, मुलंबाळं घेऊन गावोगाव मुक्काम करत, तसाच हा प्रकार, फक्त भाषा इंग्रजी. ओथेल्लो, मॅकबेथ, मर्चंट ऑफ व्हेनिस, अधूनमधून बर्नार्ड शॉ. प्रयोग कधी संस्थानिकाच्या राजवाड्यात, कधी कॉन्व्हेंट शाळेच्या हॉलमध्ये. प्रवास बहुतेक रेल्वेनं. माणसं कमी, म्हणून एकेकाला दोन-तीन भूमिका, आणि कपडेपटही त्यांनीच सांभाळायचा. १९५३ ते ५६ या दुसऱ्या दौऱ्यात आठशेहून अधिक प्रयोग झाले. कलकत्त्याचे उत्पल दत्त याच कंपनीत घडले आणि जेफ्रींना ते आयुष्यभर गुरू मानत राहिले. हिंदी प्रेक्षकाला 'गोलमाल'मधले मिशीवाले साहेब म्हणून माहीत असलेला हा माणूस बंगाली रंगभूमीवरचा केवढा मोठा नट आणि दिग्दर्शक होता, ते वेगळं सांगायला हवं. पण तो विषय आजचा नाही.

१९५६ साली कलकत्त्यात दोन कंपन्यांची गाठ पडली. पृथ्वीराज कपूर यांची 'पृथ्वी थिएटर्स' तिथे प्रयोग करत होती. त्यांचा अठरा वर्षांचा धाकटा मुलगा पडद्याच्या फटीतून प्रेक्षकांत बघत असताना त्याला जेनिफर दिसली, अशी ही कथा नेहमी सांगितली जाते. ती त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. पुढे तो शेक्सपिअरानातच नट म्हणून दाखल झाला. जेफ्रींना हे प्रकरण अजिबात पसंत नव्हतं, आणि मला वाटतं त्यात गोऱ्या-काळ्याचा प्रश्न होता त्याहून जास्त कंपनीचा होता. एवढ्याशा कंपनीतून मुख्य नायिका निघून जाणं म्हणजे घराचा खांबच काढणं. कपूरांच्या घरातही सगळं सरळ नव्हतं. शम्मी कपूर आणि गीता बाली यांनी या दोघांची बाजू घेतली. जुलै १९५८मध्ये लग्न झालं. दोनच वर्षांनी, १९६०मध्ये, पृथ्वीराजांची कंपनी बंद पडली. शेक्सपिअरानाचेही दिवस फिरत चालले होते. इंग्रजी नाटकाला येणारा वर्ग पांगला होता आणि उरलेल्यांना सिनेमानं ओढून नेलं होतं.

त्या उतरत्या काळाचा सिनेमा म्हणजे जेम्स आयव्हरी आणि इस्माईल मर्चंट यांचा 'शेक्सपिअर वाला' (१९६५). जेफ्री आणि लॉरा त्यात जवळपास स्वतःच्याच भूमिकेत आहेत. नायिका मात्र धाकटी मुलगी फेलिसिटी. जेनिफरच्या वाट्याला एक छोटी भूमिका. फेलिसिटी नंतर इंग्लंडला गेली आणि बीबीसीच्या 'द गुड लाइफ' या मालिकेमुळे तिकडे घराघरांत पोहोचली. थोरली इथेच राहिली. तिघं मुलं, नवरा एका दिवसात तीन-तीन शिफ्ट करणारा हिंदी नट. पडद्यावर ती क्वचितच दिसे. 'बॉम्बे टॉकी'त (१९७०) हिंदी नटाच्या प्रेमात पडलेली इंग्रज कादंबरीकार, आणि मग थेट श्याम बेनेगलांच्या 'जुनून'मध्ये (१९७८) मरियम. १८५७च्या धामधुमीत पठाणाच्या घरात अडकलेली ही आई तरण्या मुलीला पाठीशी घालून एकेक दिवस हिकमतीनं ढकलते. हा सिनेमा नसीर आणि शबानाच्या चाहत्यांनी पुन्हा बघावा, पण नजर मरियमवर ठेवून.

'जुनून' आला त्याच वर्षी पृथ्वी थिएटर उघडलं. पृथ्वीराजांनी १९६२ साली जुहूला एक जागा भाड्यानं घेतली होती, कंपनीचे सेट ठेवायला. १९७२मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी जागेचा करारही संपला. शशी-जेनिफरनी ती जागा विकत घेतली, ट्रस्ट केला, आणि वेद सेगन या वास्तुरचनाकाराकडून तिथे नाट्यगृह बांधून घेतलं. मंच तीन बाजूंनी प्रेक्षकांत शिरलेला, पुढच्या रांगेतल्या माणसाचे पाय नटाच्या पायाला लागतील इतका जवळ. ध्वनिवर्धकाशिवाय ऐकू येईल असं. जन्मभर परक्यांच्या हॉलमध्ये नाटक करणाऱ्या बाईला नटाची अडचण काय असते हे पुस्तकात वाचावं लागत नाही. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी पडदा उघडला, खरं तर पडदा नव्हताच, तो गो. पु. देशपांडे यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा'च्या हिंदी प्रयोगानं. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, बेंजामिन गिलानी ही मंडळी होती. डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची चौकशी चालवणारं, निव्वळ बोलण्यावर उभं असलेलं हे मराठी नाटक इंग्रज बाईच्या नव्या थिएटरात पहिलं झालं, ही गोष्ट आपण मराठी माणसांनी तरी लक्षात ठेवायला हरकत नव्हती.

कारभार जेनिफर बघत. शिस्त कडक: प्रयोग वेळेवर, आणि उशिरा आलेल्याला आत प्रवेश नाही, मग तो कोणीही असो. ही सवय मुंबईला लागायला वेळ लागला असणार.

आणि मग '३६ चौरंगी लेन' (१९८१). अपर्णा सेन यांचं पहिलं दिग्दर्शन. सत्यजित राय यांनी पटकथा वाचून त्यांना शशी कपूरकडे जायला सुचवलं होतं. कलकत्त्याच्या शाळेत शेक्सपिअर शिकवणारी, मांजर घेऊन एकटी राहणारी म्हातारी अँग्लो-इंडियन बाई, व्हायोलेट स्टोनहॅम. एक तरुण जोडपं तिच्याशी गोड बोलून तिचं घर दुपारपुरतं वापरतं, आणि काम झाल्यावर तिला विसरतं. शेवटी नाताळच्या रात्री ती रस्त्यावरच्या कुत्र्याला 'किंग लिअर'मधल्या ओळी ऐकवते. या प्रसंगात रडारड नाही. जेनिफर त्या ओळी म्हणतात त्या वर्गात शिकवल्यासारख्या, आणि म्हणूनच घशात आवंढा येतो. ज्या मुलीनं शाळांच्या हॉलमध्ये हाच शेक्सपिअर शेकडो वेळा म्हटला, तिलाच हे असं साधावं. वयानं त्या तेव्हा पन्नाशीच्याही अलीकडे होत्या, पण चाल, मान, पर्स धरायची पद्धत सगळी सत्तरीकडची. ब्रिटनच्या बाफ्टा या चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या नामांकनात कॅथरीन हेपबर्न आणि डायेन कीटन यांच्या शेजारी त्यांचं नाव आलं. बक्षीस हेपबर्नना गेलं.

त्यानंतर फार दिवस उरले नाहीत. कर्करोगाचं निदान झालं होतं. 'हीट अँड डस्ट'मध्ये (१९८३) छोटी भूमिका झाली. झाकीर हुसेनही या सिनेमात नट म्हणून आहेत. त्याच वर्षी पृथ्वीचा पहिला नाट्यमहोत्सव झाला. राय यांच्या 'घरे बाइरे'त (१९८४) त्या मिस गिल्बी, नायिका बिमलेला गाणं आणि इंग्रजी शिकवणारी बाई. स्वदेशीच्या लाटेत एका पोराचा दगड लागतो आणि ती निघून जाते. ७ सप्टेंबर १९८४ रोजी लंडनमध्ये जेनिफर गेल्या. वय ५१.

थिएटर मुलांकडे आलं, कुणाल आणि संजना यांच्याकडे. संजनानं ते बरीच वर्षं चालवलं आणि २०१२च्या सुमारास बाहेर पडून स्वतःची संस्था काढली. तिचं नाव 'जुनून'. काम काय, तर नाटक आणि कला घेऊन शाळांमध्ये जायचं.