थिन क्लायंटचं गणित परवान्यात का अडकलं?

टेबलावर थिन क्लायंट, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड जोडलेलं छोटं यंत्र, बाकी सगळं मध्यवर्ती सर्व्हरवर. ही मांडणी पूर्वीच्या भल्यामोठ्या मेनफ्रेम संगणकांइतकीच जुनी. नव्वदच्या दशकात आपल्या बँकशाखांतही एक युनिक्स सर्व्हर आणि त्याला जोडलेली टर्मिनल्स सर्रास दिसत. पीसी आले तसं हे मागे पडलं. पुढे लक्षात आलं, की पीसीच्या किमतीपेक्षा तो पोसण्याचा खर्चच जास्त होतो. 1996 मध्ये 500 डॉलरच्या नेटवर्क कॉम्प्युटरचा, म्हणजे सर्व्हरवर विसंबणाऱ्या स्वस्त यंत्राचा गाजावाजा झाला, पण वर्षभरात हजार डॉलरच्या आतले पीसी बाजारात आले आणि तो मुद्दा बारगळला. टिकाऊ ठरले एकाच विंडोज सर्व्हरवर अनेकांना काम करू देणारे विनफ्रेम (1995) आणि विंडोज एनटी 4.0 ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती (1998), आणि सन रे (1999) हा थिन क्लायंट.

व्यवस्थापनापुढे मांडायचे फायदे तेव्हाही हेच होते. यंत्रात हार्डडिस्क नाही, बहुतेकांत पंखाही नाही. वीज पीसीच्या मानाने अगदी कमी लागते. बिघडलं की तारा काढायच्या, कपाटातलं दुसरं लावायचं. माणूस पुन्हा लॉगिन करतो तेव्हा अर्धवट भरलेला फॉर्म होता तिथेच उघडा सापडतो. ज्याने शंभर पीसींवर हाताने पॅच (दुरुस्तीचे अपडेट) टाकलेत, त्याला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

मग हे सगळीकडे का पसरलं नाही? माझ्या मते याचं मोठं उत्तर विंडोज वापरायच्या परवान्यांत आहे, आणि त्याची चर्चा होते त्याहून जास्त व्हायला हवी. विंडोज 2000 च्या काळात, पीसीवर विंडोज 2000 प्रोफेशनल असेल तर टर्मिनल सर्व्हरला जोडण्याचा हक्क त्यातच मिळे. विंडोज सर्व्हर 2003 ने तो काढून घेतला. 24 एप्रिल 2003 पूर्वी विंडोज एक्सपी प्रोफेशनल घेतलेल्यांना तेवढी सवलत मिळाली, बाकीच्यांना दर यंत्रामागे किंवा दर माणशी वेगळा परवाना लागू झाला. पुढे प्रत्येकाला सर्व्हरवर स्वतंत्र व्हर्च्युअल डेस्कटॉप देण्याची पद्धत आली, तेव्हा प्रश्न आणखी चिघळला. जुलै 2010 पासून नियम असा झाला: सॉफ्टवेअर अॅश्युरन्स (परवान्यावर वेगळे पैसे भरून घ्यायची मायक्रोसॉफ्टची योजना) भरलेल्या पीसीवरून तो डेस्कटॉप वापरायला वेगळे पैसे नाहीत, थिन क्लायंटवरून वापरायचा तर दर यंत्रामागे वर्षाला 100 डॉलर. पाचशे यंत्रांचे वर्षाला 50 हजार डॉलर, पाच वर्षांत अडीच लाख. म्हणजे एकेका यंत्रामागे 500 डॉलर, साध्या थिन क्लायंटच्या किमतीहूनही जास्त. त्यामुळे कित्येक ठिकाणी जुने पीसीच टर्मिनल म्हणून राबवले गेले. पीसीवाल्यांनी अॅश्युरन्सचे पैसे भरलेलेच होते, ही मायक्रोसॉफ्टची बाजू कागदावर बरोबर होती. पण ज्या यंत्रामुळे पैसे वाचायचे त्याच्यावरच कर बसला, असंच मी म्हणेन. या व्हर्च्युअल डेस्कटॉपसाठी माणसामागे परवाना घेण्याची सोय व्हायला 2014 चा डिसेंबर उजाडला.

दुसरी अडचण डिस्कची. सकाळी सगळे एकदम लॉगिन करतात तेव्हा शेकडो डेस्कटॉप एकाच स्टोरेजवर तुटून पडतात. मिनिटाला 7200 फेऱ्यांची (आरपीएम) हार्डडिस्क सेकंदाला शंभराच्या आतच वाचन-लेखन करते, आणि एका डेस्कटॉपला कामाच्या वेळीच दहा-वीस लागतात. हे न मोजता मंजूर झालेल्या प्रस्तावांनी पद्धतीचंच नाव खराब केलं. फिरती तबकडी नसलेल्या, वेगवान एसएसडी स्वस्त झाल्यावर तो त्रास बराच निवळला.

2019 मध्ये विंडोजचा व्हर्च्युअल डेस्कटॉप थेट क्लाउडवर आला, 2021 मध्ये विंडोज 365, म्हणजे वर्गणीवर मिळणारा क्लाउडमधला पीसी. सर्व्हरखोलीचा भांडवली खर्च महिन्याच्या बिलात गेला. नोव्हेंबर 2024 मध्ये विंडोज बनवणाऱ्या कंपनीने स्वतःचाच थिन क्लायंट जाहीर केला, 349 डॉलरचा, विंडोज 365 साठीच बनवलेला. त्या किमतीत वर्गणी धरलेली नाही. ती दर माणशी, दर महिना वेगळी भरायची.