केबल चोरी, पाल आणि तज्ज्ञांचे डोळे

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात विहिरीवरची केबल रात्रीत कापून नेली, की सकाळी पारावर संशयाची दिशा ठरलेली असते. "रस्त्याकडेला भटक्यांचं पाल पडलंय ना, त्यांचंच काम." तपासही बहुधा तिथूनच सुरू होतो.

हा संशय गणिताने तपासून बघू. समजा गावात 3000 माणसं आहेत आणि पालावर 100. दोन्हीकडे शंभरातला एक जण चोरी करू शकतो असं धरलं, तर गावात असे 30 निघतील आणि पालावर 1. आता पालावरचं प्रमाण पाचपट धरा. त्याला आधार काहीच नाही, तरी धरा. हिशेब 30 विरुद्ध 5 होतो. म्हणजे चोर गावातलाच असण्याची शक्यता तेव्हाही सहापट! पण झडती फक्त पालाची घेतली, तर सापडेल तो चोर पालावरचाच असणार. त्याचं नाव ठाण्याच्या नोंदीत चढतं, पुढच्या चोरीला तीच नोंद उघडली जाते आणि पोलीस पुन्हा पालावर. नोंदी वाढत जातात, पण त्यातून कळतं एवढंच की झडत्या कुठे झाल्या.

ब्रिटिशांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, संशयाची सवय मात्र गेली नाही. आपल्या खानदेशातच, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, 1 जुलै 2018 रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवा आणि बाजाराच्या दिवशी दिसलेली परकी माणसं, एवढंच पुरलं.

जमावाचं सोडा, तज्ज्ञ तरी यातून सुटतात का? 2004 च्या माद्रिद रेल्वे स्फोटांनंतर एका पिशवीवरचा बोटाचा ठसा अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने अमेरिकेतल्याच एका वकिलाचा ठरवला. तो निष्कर्ष चुकला होता. स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचं दाखवून दिलं. हीच चूक वापरून संशोधक इटियल ड्रोर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांपुढे ठशांची एकेक जोडी ठेवली आणि सांगितलं, "माद्रिदची ती चुकलेली जोडी हीच." खरं तर ती त्या त्या तज्ज्ञाने स्वतः काही वर्षांपूर्वी नेहमीच्या कामात जुळवलेली जोडी होती. आता तिघांनी जुळत नाही म्हटलं, एकाने ठरवता येत नाही म्हटलं. जुन्या निर्णयावर एकटाच टिकला.

हे लोक लबाड नव्हते. घटनास्थळचा ठसा बहुतेकदा पुसट, अर्धवट असतो. जिथे रेघ स्पष्ट नसते तिथे मेंदू अपेक्षेने जागा भरतो, आणि आपण भरली हे माणसाला कळतही नाही. अननुभवी साक्षीदाराच्या आठवणीचं काय होत असेल, याचा विचार करा.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यातलं 2003 चं दरोडा आणि खुनांचं प्रकरण मला फार अस्वस्थ करतं. वाचलेल्या महिलेने पोलिसांकडच्या फोटोंतून चार जण ओळखले होते. त्यांना अटक झाली नाही. खटला चालला तो भटक्या जमातीतल्या दुसऱ्याच सहा जणांवर. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाईसह. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. आणि तिने ओळखलेल्या चौघांचा माग तेव्हाच का काढला नाही, याचं समाधानकारक उत्तर न्यायालयाला मिळालं नाही.

यावरचे उपाय महागडे नाहीत. ओळख परेडमध्ये संशयित कोणता हे ती घेणाऱ्यालाच माहीत नसावं, म्हणजे नजरेतून किंवा आवाजातून इशारा जाणार नाही. साक्षीदाराला आधीच सांगावं की गुन्हेगार या रांगेत नसेलही. प्रयोगशाळेत तज्ज्ञाने घटनास्थळचा ठसा एकटाच पाहावा, त्यात काय दिसतं ते लिहून सही करावी, आणि मगच संशयिताच्या ठशाचं पाकीट उघडावं. संशयित कोणत्या समाजाचा, त्याच्यावर आधी किती गुन्हे, त्याने कबुली दिली का, यातलं काहीही त्या पाकिटासोबतच्या पत्रात नसावं. रेघा जुळवायला त्याचा काडीचाही उपयोग नाही.