अंगावरून पांढरे जाणे

अंगावरून पांढरे जाणे (श्वेतप्रदर, धुपणी) : पाळीच्या रक्ताव्यतिरिक्त योनिमार्गातून होणारा स्राव. बोलताना नुसते ‘पांढरं जातं’ म्हणतात. निरोगी ओलावा आणि आजार, दोन्हींना हा एकच शब्द पुरवल्यामुळे घोटाळा होतो. नाशिकच्या दवाखान्यात पेठ-सुरगाण्याहून आलेली बाई आधी कंबरदुखी सांगते. पांढऱ्याची गोष्ट निघते ती उठता उठता, दाराशी, आवाज खाली आणून.

वयात आल्यावर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन (साखरेचा साठवणीचा प्रकार) साठते. लॅक्टोबॅसिलस जिवाणू त्याचे लॅक्टिक आम्ल करतात (दही आंबवणारे जिवाणू यांचेच भाऊबंद) आणि तिथला सामू (pH, आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ३.८ ते ४.५ राहतो. या आंबटपणात रोगजंतूंचा सहसा टिकाव लागत नाही. गडद रंगाच्या निकरवर मधोमध फिकट, विटका डाग पडतो तो याच आम्लामुळे. कपडा खराब निघालेला नसतो. दोन पाळ्यांच्या मधे, बीज सुटण्याच्या सुमारास, स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक होतो, बोटांत धरला तर तार सुटते. नंतर तो घट्ट, दुधाळ होतो. गरोदरपणात वाढतो, पाळी गेल्यावर घटतो. पहिल्या पाळीआधी काही महिने मुलींना तो दिसू लागतो, तेव्हा आईच जास्त घाबरते.

‘यातून अंगातली ताकद जाते’ हा समज चिवट आहे. स्रावात पाणी, श्लेष्मा आणि झडलेल्या पेशी असतात. त्याने कोणी खंगत नाही. थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन पाहावे.

आजार ओळखताना रंगापेक्षा नेहमीच्यात झालेला बदल महत्त्वाचा. दह्याच्या चोथ्यासारखा स्राव आणि असह्य खाज असेल तर बहुधा कँडिडा ही बुरशी. मधुमेहात किंवा अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर ती फोफावते. तिला ऊब आणि ओल मानवते. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला भाताच्या आवणीत दिवसदिवस चिखलात उभ्या बाईचे कपडे संध्याकाळपर्यंत अंगावरच ओले असतात, हेही विचारात घ्यायला हवे. पातळ, करडट स्राव आणि मासळीसारखा वास म्हणजे बहुधा जिवाणूंचा समतोल बिघडलेला. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या परजीवीचा असू शकतो. त्यात नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर आजार फिरून येतो. औषधापेक्षा हे पटवणे अवघड. शासकीय रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये अशा तक्रारींवर मोफत उपचार मिळतात.

आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुणे टाळावे. त्यात राखणदार जिवाणूच मरतात. बाहेरून साधे पाणी पुरते.

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली (निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले), तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला. पूर्वी अशी तपासणी झालेल्या मात्र जेमतेम ८ टक्के होत्या.

ताप किंवा ओटीपोटात दुखणे, रक्तमिश्रित वा कुजकट वासाचा स्राव, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर दिसलेले रक्त यांत दिवस घालवू नयेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची एक सोपी तपासणी करतात. पातळ ॲसिटिक आम्लाचा बोळा गर्भाशयमुखावर लावतात आणि थोडे थांबतात. संशयास्पद भाग असला, तर तेवढाच पांढरा पडतो.