संशोधनाचा डेटा झेनोडोवर जमा करायचाय? पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली आपली मुलं पीएचडीसाठी गावोगाव फिरून नोंदी गोळा करतात. प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतो, मूळ नोंदी मात्र पेनड्राइव्हमध्येच राहतात. त्या जपल्या, तर पुढच्या संशोधकाला त्याच शिवारात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

यासाठी २०१३ पासून चालू असलेलं, सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचं ‘झेनोडो’ हे ऑनलाइन डेटा भांडार सोयीचं आहे. पदवीची किंवा कॉलेजच्या पत्राची अट नाही, फीही नाही. ईमेलवर किंवा ऑर्किड या १६ अंकी संशोधक क्रमांकावर खातं उघडता येतं. एका नोंदीत ५० जीबीपर्यंत डेटा मावतो.

कागदपत्रं भांडार मागत नाही, पण ती तुमच्या हाती हवीतच. मार्गदर्शक आणि सहसंशोधकांची लेखी संमती घ्या, निधी देणाऱ्या संस्थेच्या अटी वाचा. माणसांवरचं संशोधन असेल तर नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि प्रत्येकाचं संमतीपत्र लागतं. ‘ही माहिती नाव न सांगता इतर संशोधकांना दिली जाईल’ हे वाक्य त्यात सुरुवातीपासूनच असू द्या, मराठी किंवा कन्नड, समोरच्याला कळेल त्या भाषेत. सर्वेक्षण उरकल्यावर पुन्हा घरोघर सह्या गोळा करणं फार जड जातं.

खरा वेळ जातो तो फाईल नीट करण्यात. आपल्याकडे एकच गाव मराठी, कन्नड आणि इंग्रजी वळणाने तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. संगणक ती तीन गावं धरतो. म्हणून नावाशेजारी जनगणनेतला गाव क्रमांक टाका. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणूनच सेव्ह करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. नावं, फोन, सर्व्हे नंबर काढून टाका. भीमगड अभयारण्यातल्या दुर्मिळ वटवाघळांच्या गुहांसारखी ठिकाणं अचूक अक्षांश-रेखांशांसह कधीच देऊ नका. प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक सांगणारी ‘रीडमी’ फाईल सोबत हवीच. तिच्याशिवाय तुमचे आकडे दुसऱ्याच्या काही कामाचे नाहीत.

मग फाईली चढवा, शीर्षक आणि लेखक भरा, परवाना निवडा. श्रेय देऊन कुणालाही वापरू द्यायचं असेल तर ‘सीसी बाय ४.०’ घ्या. शोधनिबंध छापून येईपर्यंत थांबायचं असेल तर फाईली ठराविक तारखेपर्यंत बंद ठेवता येतात.

‘पब्लिश’ दाबण्याआधीच डीओआय, म्हणजे तुमच्या डेटाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, राखून घेता येतो. तो घ्या आणि प्रबंध छपाईला देण्यापूर्वी संदर्भसूचीत घाला.