वरची आणि खालची हवा एकाच वेळी मागे पोहोचते का?

'विमानाचा पंख वरून फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता. खालच्या हवेला मागे गाठायला ती वेगाने धावते आणि विमान उचललं जातं.' हा समज जुना आहे. त्यातलं निम्मं बरोबरही आहे: वरची हवा खरंच वेगवान असते, तिथला दाब कमी असतो. पण दोघींनी एकाच वेळी पोहोचावं असा नियम नाही. विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वारा सोडलेल्या चाचणीच्या बोगद्यात, धुराचे तुटक झोत सोडले की वरचा झोत आधी पोहोचलेला स्पष्ट दिसतो. घरी कागदी विमान उडवून पाहा. पंख सपाट, तरी तरंगतं.

पंख हवेला खाली ढकलतो, हवा पंखाला वर. टोकाशी मात्र खालची जास्त दाबाची हवा वर वळते, भोवरे तयार होतात आणि त्यात इंधन वाया जातं. इंधनबचतीची मोठी संधी इथे आहे. वजन आणि वेग तेच ठेवून पंखांचा विस्तार, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी, दुप्पट केला, तर या कारणाने होणारा अवरोध एक चतुर्थांश उरतो. अडचण अशी की लांब पंखाच्या मुळाशी ताण वाढतो, तो भक्कम करताना वजन वाढतं. शिवाय मध्यम आकाराच्या विमानांच्या पार्किंगला पंखांच्या विस्ताराची ३६ मीटरची मर्यादा असते. म्हणून टोकं वर वळवतात, किंवा कार्बन तंतूंचे हलके, लांब, निमुळते पंख बनवतात.