कालवड भरवायची कधी? आधी तिच्या आईचं वजन बघा

सकाळपासून कालवड हंबरतेय, चाऱ्याला तोंड लावत नाही, शेजारच्या जनावरावर उड्या घेतेय आणि शेपटीखाली चिकट स्रावाचा काचेसारखा सोट लोंबतोय. कालवड माजावर आली! मालक तिला भरवायला, म्हणजे गाभण करून घ्यायला, लगेच डॉक्टरांना फोन लावतो. माझी कळकळीची विनंती आहे की त्या फोनच्या आधी गोठ्यात शिंप्याची टेप आणा.

पहिला माज येतो तेव्हा कालवडीचं वजन तिच्या पूर्ण वाढीच्या जेमतेम निम्मं असतं. तेव्हाच भरवली तर विताना कटी, म्हणजे कमरेच्या हाडांमधली वाट, अरुंद पडते आणि वासरू अडतं. नीट व्याली तरी पहिल्या वेतात खाल्लेलं अन्न स्वतःच्या वाढीला, दुधाला आणि पुन्हा माजावर यायला असं तिन्हीकडे पुरवावं लागतं. यात मागे पडतो तो पुढचा माज. म्हणून दुधाळ कालवड पूर्ण वाढीच्या 60 ते 65 टक्के वजनाची झाली की भरवावी, असं पशुशास्त्र सांगतं.

पण पूर्ण वाढ कुणाची? आपल्याकडे ‘अडीचशे किलो झाली की भरवा’ हे तोंडपाठ असतं. 400 किलोच्या संकरित गाईच्या पाडीला ते बरोबर लागू पडतं. ज्या गोठ्यात होल्स्टीन या मोठ्या विदेशी जातीचं रक्त वाढत जाऊन गाई 500 किलोंच्या झाल्यात, तिथं मात्र अडीचशे म्हणजे फक्त निम्मं. तिला निदान 300 किलो हवेत. उलट 385 किलोच्या गीर गाईच्या पाडीला 230 किलोही पुरतात. तेव्हा तिसऱ्या-चौथ्या वेतातल्या आपल्याच गाई मोजा आणि त्यावरून आकडा काढा. वयाचे महिने मोजून हे कळत नाही. एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन पाड्या शेजारी उभ्या करून बघा.

टक्क्यांचा हा हिशेब अमेरिकेत मांसासाठी गाई पाळणारेही करतात. कळपात ठेवायच्या कालवडी 60-65 टक्क्यांपर्यंत वाढवायच्या, हा तिथलाही जुना दंडक. नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी तो तपासून पाहिला. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कालवडींचा एक गट सुमारे 53 टक्क्यांवर भरवला, दुसरा 58 टक्क्यांवर. गाभण राहण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही आणि हलक्या गटाचा खाद्यखर्च वाचला. हे वाचून कुणी आपली कालवड 53 टक्क्यांवर भरवू नये. तिकडची गाय विल्यावर फक्त आपलं वासरू पाजते. आपल्या कालवडीला पहिल्याच वेतात बादली भरायची असते, आणि विल्यानंतरही तिचं वजन पूर्ण वाढीच्या 85 टक्क्यांच्या आसपास असायला हवं.

वजनकाटा नसला तरी अडत नाही. कालवड सपाट जागेवर चारी पायांवर सरळ उभी करा, मान खाली-वर नको. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात घ्या. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेराला घेरानं गुणा, त्याला लांबीनं गुणा आणि 660 नं भागा. किलोत वजन मिळतं. घेर 58 आणि लांबी 48 इंच असेल तर साधारण 245 किलो. टेप सैल धरून घेर 60 आला, तर तीच कालवड 262 किलोंची दिसेल! दोन इंचांत सतरा किलो वाढतात, म्हणून टेप अंगाला टेकलेली पण न रुतलेली हवी. मोजमाप दर वेळी एकाच माणसानं, सकाळी चारा-पाण्याआधी घ्यावं.

भरवायच्या दिवशी एकदाच मोजून मात्र भागत नाही. 28 किलोची पाडी पंधराव्या महिन्यात 260 किलो व्हायची, तर रोज सरासरी 500 ग्रॅमच्या वर वाढ लागते. दोन महिन्यांची होताना जन्माचं वजन दुप्पट झालंय का, ही पहिली परीक्षा. पुढं दर महिन्याला गोठ्याच्या भिंतीवर खडूनं घेर लिहून ठेवा. पावसाळ्यात तो दोन महिने जागचा हलला नाही, तर जंत झालेत की खुराक कमी पडतोय, हे तेव्हाच शोधता येतं. चौदाव्या महिन्यात पेंड ओतून अंगावर चरबी चढेल, पण मागे राहिलेली कटी तेवढ्यात भरून निघत नाही.